आधी टँकर, मग फ्लॅट : पुण्यात मोठं घर घेताना परिसर कसा निवडला

पुण्यात टू बीएचकेतून थ्री बीएचकेत जायचं ठरलं की माणूस फ्लॅट बघत सुटतो. सॅम्पल फ्लॅटमधला सोफा, पांढरंशुभ्र किचन, बाल्कनीतून दिसणारी टेकडी. पहिले तीन आठवडे आमचेही यातच गेले. हाती अकरा माहितीपत्रकं आली, पण त्यातल्या एकाही परिसरात उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं हे काही कळलं नाही. मग क्रम उलटा केला. आधी परिसर बाद करत जायचं आणि जे उरतील त्यांतच घर बघायचं. या कामाला आठ महिने दिले, त्यात एक मे महिना आणि एक जुलै महिना मुद्दाम धरला. पाण्याचं खरं मे महिन्यात कळतं. रस्त्याचं आणि ओढ्याचं जुलैत. दिवाळीच्या सुमारास, हवा छान आणि ऑफर जोरात असताना, पुण्यातला कुठलाही परिसर चांगलाच दिसतो.

गरज एका कागदावर मावली. एक ऑफिस हिंजवडी फेज टूला, दुसरं शिवाजीनगर कोर्टाजवळ, मुलांची शाळा कोथरूडला, घरात सत्तरी ओलांडलेले दोघे. त्यामुळे यादीत आले ते पश्चिमेचे परिसर : कोथरूड-कर्वेनगर, बावधन, बाणेर-बालेवाडी आणि त्यापलीकडचं सूस-म्हाळुंगे, वाकड-ताथवडे-पुनावळे, शिवाय सिंहगड रस्ता ते धायरी-नांदेड. खराडी, वाघोली, उंड्री फक्त दिशेमुळे गळले. नोकरी मगरपट्ट्यात किंवा खराडीत असती तर हीच यादी उलटी झाली असती.

परिसरांची तुलना करण्याआधी क्षेत्रफळाचा घोळ निस्तरावा लागतो, नाहीतर आंब्याची तुलना फणसाशी होते. जुन्या करारनाम्यात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र असतं, दलालाच्या तोंडी ‘सेलेबल’, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरलेलं असतं आणि महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) कागदावर कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र असतं, तेही चौरस मीटरमध्ये. चौरस मीटरला १०.७६४ने गुणलं की चौरस फूट. म्हणजे ९२ चौरस मीटर कार्पेट म्हणजे ९९० चौरस फूट. हाच फ्लॅट ‘चौदाशेचा’ म्हणून दाखवला जातो. रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. जुन्या फ्लॅटमध्ये बाल्कनी हॉलमध्ये किंवा किचनमध्ये ओढून घेतलेली असते, त्यामुळे टेपनं मोजलं तर जास्त भरतं आणि मंजूर नकाशावर कमी. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच आकडा मागितला : मंजूर नकाशाप्रमाणे कार्पेट किती, आणि बाल्कनी वेगळी किती. आमची किमान मर्यादा ९५० चौरस फूट कार्पेट होती. ती लावली आणि अकरातली चार माहितीपत्रकं तिथेच रद्दीत गेली.

पुढचा प्रश्न ऐकायला बावळट वाटतो : हा परिसर नेमका कुठे आहे? जाहिरातीतलं नाव आणि सातबाऱ्यावरचं गाव एकच असेल असं नाही. सूसच्या हद्दीतला प्रकल्प ‘बाणेर ॲनेक्स’ होतो, उंड्रीतला ‘एनआयबीएम ॲनेक्स’. बावधनची गंमत आणखी बारीक. बावधन खुर्द जुन्या महापालिका हद्दीतलं; बावधन बुद्रुक मुळशी तालुक्यातलं, २०२१मध्ये महापालिकेत आलेलं. पत्ता दोन्हीकडे नुसता ‘बावधन’. पण ड्रेनेज, जलवाहिन्या, पदपथ, रस्त्यावरचे दिवे यांत पंचवीस वर्षांचं अंतर पडलेलं असतं. हे तपासायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. सूची क्रमांक दोनवर (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर) किंवा महारेराच्या नोंदीत गाव, तालुका आणि सर्व्हे नंबर लिहिलेला असतो.

पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ गावं आली, त्यांत धायरी, उंड्री, आंबेगाव, लोहगाव, शिवणे. आणि २०२१मध्ये २३, त्यांत सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, वाघोली. गावं महापालिकेत आली तरी २३ गावांतल्या बांधकाम परवानगीचं काम पुढची काही वर्षं पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच) राहिलं. म्हणजे मिळकतकर एकाला द्यायचा आणि मंजूर नकाशा दुसरीकडे शोधायचा. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. वाकडचा पूल ओलांडून हिंजवडीत गेलात की कित्येक वर्षं ग्रामपंचायतच होती. उरुळी देवाची आणि फुरसुंगी तर आधी महापालिकेत आली आणि २०२४मध्ये पुन्हा बाहेर पडली. घर घेणाऱ्याला याचा अर्थ एवढाच : रस्ता उखडला तर अर्ज कुणाकडे करायचा, हे घेण्याआधीच माहीत हवं.

आता पाणी. आठ महिन्यांतला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जाऊ दिला.

पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या चार धरणांतून येतं : खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). पूर्व भागाला भामा-आसखेडचं पाणी जोडलं गेलं आहे. पिंपरी-चिंचवड पवनेवर चालतं आणि तिथे नोव्हेंबर २०१९पासून पाणी दिवसाआड केलं गेलं. ‘दिवसाआड’ ऐकून घाबरायचं कारण नाही, फक्त प्रश्न बदलायचा : सोसायटीची जमिनीखालची टाकी किती दिवसांचं पाणी धरते? दोन दिवसांची साठवण असेल तर रहिवाशाला दिवसाआड कळतसुद्धा नाही. दीड दिवसाची असेल तर टँकर ठरलेला.

हिशेब सोपा आहे. दरडोई दररोज १३५ लिटर हे सरकारी नियोजनात धरलेलं प्रमाण. १०० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला ५४,००० लिटर. साधारण टँकर १०,००० लिटरचा. नळाला थेंबही आला नाही तर दिवसाला साडेपाच टँकर. या आकड्याशी ताडून बघितलं की सोसायटीच्या सेक्रेटरीचं ‘कधीकधीच मागवतो’ किती खरं ते समजतं. आम्ही सेक्रेटरीला विचारतच नव्हतो म्हणा. बाद करायच्या किंवा ठेवायच्या प्रत्येक परिसरात पाच-सहा वर्षं जुनी अशी एक सोसायटी गाठायची आणि तिच्या वॉचमनला विचारायचं, कारण टँकरच्या पावतीवर सही तोच करतो. मेमध्ये सकाळी सहा ते आठ गल्लीच्या तोंडाशी चहा घेत उभं राहिलं तरी पुरतं. टँकर मोजता येतात.

यानंतर मासिक खर्चाचा ताळेबंद मागायचा, विक्रीचा फ्लॅट असेल तर तो मिळतो. त्यात ‘पाणी’ हा खर्च वेगळा दाखवलेला असतो. एका सोसायटीत एप्रिल ते जून या तीन महिन्यांत तो खर्च बाकीच्या महिन्यांच्या चौपट होता. देखभाल खर्च चौरस फुटाला अमुक इतकाच, असं जे सांगितलं जातं त्यात हा उन्हाळा धरलेला नसतो. तो वर्षाअखेरीस ‘वॉटर ॲडहॉक’ म्हणून येतो.

नव्या प्रकल्पात विचारायचं ते वेगळं. समाविष्ट गावांत महापालिकेचं पाणी पोचेपर्यंत पाणी पुरवायची जबाबदारी बांधकाम परवानगीच्या वेळी विकासकानं हमीपत्रावर घेतलेली असते. त्या हमीपत्राची प्रत मागावी आणि करारनाम्यात त्याच्या विरुद्ध जाणारं कलम आहे का ते वाचावं. आम्ही पाहिलेल्या एका मसुद्यात ‘टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी प्रमाणशीर सोसायचा’ असं अठराव्या पानावर होतं. प्रकल्प चांगला होता. पण तो तिथेच संपला.

बोअरचं पाणी मोजायला साडेतीनशे-चारशे रुपयांचं पेनासारखं यंत्र मिळतं, त्यावर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दिसतं. (आयकराचा टीडीएस वेगळा, तो पुढे येतो, घर घेताना दोन्ही भोगावे लागतात.) पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. हजाराच्या वर आकडा आला की गिझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि केस तिघांचंही आयुष्य कमी होतं. यंत्र नसेल तर बाथरूममधल्या काळ्या टाइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे थर आहेत का ते बघावं. घर विकणारा हॉल रंगवतो, नळ सहसा बदलत नाही. जानेवारी २०२५मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बारे सिंड्रोम या नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं अशी सगळीच तपासली गेली. तेव्हापासून पाणी कुठून येतं याला जोडून, ते शुद्धीकरण केंद्रातून येतं की नुसतं क्लोरीन टाकून, हा प्रश्नही आमच्या यादीत शिरला. सिंहगड रस्त्याचा पुढचा टापू आम्ही सोडला त्याला हे एक कारण होतं. दुसरं हिंजवडीचं अंतर.

जास्तीच्या पाण्याकडे लोक तितकं लक्ष देत नाहीत. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगरच्या बाजूला जे केलं ते नदीनं केलेलं नव्हतं, ओढ्यानं केलेलं होतं. २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी शिरलं ते मुठेचं, वरून पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग दोन्ही एकदम. म्हणून नदीची निळी आणि लाल पूररेषा तर बघायचीच, पण विकास आराखड्याच्या नकाशावर ओढे कुठून जातात तेही बोटानं फिरून बघायचं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होतं. तिथली इमारत कायदेशीर असू शकते आणि तरीही तळघरातल्या गाड्या बुडू शकतात. बावधन, पाषाण, बाणेरसाठी राम नदी बघायची. तिला नदी म्हणतात पण कित्येक ठिकाणी ती नाल्याएवढीच उरली आहे, त्यामुळे ती शेजारून जाते हे इमारतीतल्या लोकांनाही पावसाळ्यातच कळतं. पिंपरी-चिंचवडकडे शोधत असाल तर ‘रेड झोन’ हा शब्द कानावर येईल. त्याचा लाल पूररेषेशी काही संबंध नाही. तो देहूरोड आणि दिघीच्या लष्करी दारूगोळा आस्थापनांभोवतीचा प्रतिबंधित पट्टा आहे. तिथल्या स्वस्त फ्लॅटला बँक कर्ज का देत नाही याचं उत्तर त्यात असतं.

आमची जुलैची फेरी अशी असे : जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभरात निघायचं, इमारतीच्या रॅम्पखाली उतरायचं, तळघरातल्या खांबांवर पाण्याच्या रेषा आहेत का बघायचं, लिफ्टच्या खड्ड्याचा पंप चालू आहे का ऐकायचं. गेटाजवळच्या इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो वर्ष, महिना आणि पाणी कुठवर आलं होतं ते हात दाखवून सांगतो.

रस्त्याचं प्रकरण दोन भागांत येतं : इमारतीपासून मुख्य रस्त्यापर्यंत आणि तिथून पुढे.

पहिला भाग अंतरानं लहान पण कटकटीचा. माहितीपत्रकात ‘२४ मीटर डीपी रोड’ असतो. प्रत्यक्षात तिथे सहा मीटरचा मुरूम असतो आणि मध्ये कुणाचं तरी शेत. डीपी रस्ता म्हणजे आराखड्यावर आखलेला रस्ता. जागा ताब्यात आली, मोबदला दिला गेला आणि डांबर पडलं असा त्याचा अर्थ होत नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा आखला होता, भूसंपादनाच्या खर्चापायी तो तूर्त ५० मीटरवर आणावा लागला. इतक्या मोठ्या रस्त्याची ही तऱ्हा, तर गल्लीतल्या डीपी रस्त्याचं काय घेऊन बसलात. महापालिकेकडे झोन दाखला आणि विकास आराखड्याचा अभिप्राय मागता येतो, सर्व्हे नंबर दिला की पुरतो. त्याच कागदावर समोरच्या मोकळ्या प्लॉटवर काय आरक्षण आहे तेही दिसतं. ‘समोर कायम मोकळं राहणार’ असं सांगितलेला एक प्लॉट अग्निशमन केंद्रासाठी राखीव निघाला. दुसरा निवासी झोनमधला, म्हणजे उद्या तिथे बावीस मजले. टेकडीवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण असेल तर मात्र दृश्य टिकण्याची शक्यता बरी.

तात्पुरता पोचरस्ता कुणाच्या मालकीच्या जमिनीवरून जातो, हे विचारल्यावर विक्री कार्यालयात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. तोंडी वहिवाट असेल तर उद्या तिथे तारेचं कुंपण पडू शकतं. नोंदणीकृत हक्काचा दस्त दाखवा म्हणावं.

दुसरा भाग प्रवासाचा. दोन ऑफिसांच्या बरोबर मध्ये घर घ्यायचं, ही पहिली कल्पना चुकीची निघाली. हिंजवडी आणि शिवाजीनगर यांच्या मध्ये बाणेर येतं, पण बाणेरहून सकाळी दोन्ही दिशांना गर्दीच असते : एकीकडे राधा चौक आणि वाकडचा पूल, दुसरीकडे विद्यापीठ चौक. तेव्हा किलोमीटर सोडून दिले आणि वेळ मोजली. मंगळवारी सकाळी पावणेनऊला निघून हिंजवडी फेज टूच्या गेटपर्यंत, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला परत. नकाशाच्या ॲपमध्ये ‘अमुक वाजता पोचायचं’ घातलं की ते ‘३५ ते ७० मिनिटं’ असं काही दाखवतं. त्यातला मोठा आकडाच खरा धरायचा. शुक्रवारी मोजू नये, बरेच जण घरून काम करतात आणि रस्ता खोटा रिकामा दिसतो. शाळेच्या सुट्टीत तर मुळीच नाही.

वाकड-पुनावळे हिंजवडीला जवळचं, पण महामार्गाखालचे बोगदे हा तिथला गळा आहे. भूमकर चौकातला आणि पुनावळ्याचा अंडरपास एकदा पावसात पार केला की नकाशावरचे चार किलोमीटर म्हणजे काय ते समजतं. महामार्गाच्या कुठल्या बाजूला इमारत आहे यानं रोजची वीस मिनिटं इकडची तिकडे होतात. भाव सांगताना हे कुणी सांगत नाही. आणि कोथरूडच्या शाळेची बस तिथवर येतच नव्हती.

मेट्रोचा भाव किती द्यायचा? वनाज ते रामवाडी मार्ग पूर्ण चालू आहे, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेटही सप्टेंबर २०२४पासून. ज्या मार्गावर गाडी धावते आहे त्याच्यासाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही. हिंजवडी-शिवाजीनगर हा २३.३ किलोमीटरचा मार्ग वाकड, बालेवाडी, बाणेरवरून जातो. त्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं आणि पूर्ण होण्याच्या तारखा पुढे सरकत राहिल्या, पण बालेवाडी-बाणेरच्या दरांत तो केव्हाच धावून गेला होता. वनाज ते चांदणी चौक या विस्ताराला केंद्रानं जून २०२५मध्ये मंजुरी दिली. त्यासाठी आम्ही शून्य किंमत धरली. झाला तर झाला. स्टेशनपासूनचं अंतर चालून मोजावं, सत्तरीतल्या माणसाला बरोबर घेऊन. ८०० मीटरच्या पुढे, किंवा मध्ये महामार्ग ओलांडायचा असेल, तर ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ हे मोटरसायकलवाल्याचं पाच मिनिट.

बावधनचं पारडं इथे जड झालं. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३मध्ये खुला झाल्यापासून हिंजवडीला महामार्गानं जाता येतं. शिवाजीनगरसाठी दुचाकीनं वनाज स्टेशन, तिथून जिल्हा न्यायालय स्टेशन वीस मिनिटांच्या आत. शाळा पौड रस्त्यानं. तीन दिशांना तीन वेगळे रस्ते फुटतात, त्यामुळे एक तुंबला तरी घरातले सगळे एकाच कोंडीत अडकत नाहीत. हा निकष आम्हाला आधी सुचलाच नव्हता. वेळा मांडताना दिसला.

कोथरूड-कर्वेनगर मनात सगळ्यात वर होतं, हे कबूल. पाणी, मंडई, दवाखाने, नाट्यगृह, पायी जाण्यासारखे पदपथ, सगळं आहे. तिथे आता मोठं घर मिळतं ते बहुतेक पुनर्विकासातलं : बारा ते चोवीस फ्लॅटची जुनी सोसायटी पाडून बारा मजली इमारत. रस्त्याची रुंदी चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते ठरवते, त्यामुळे नऊ मीटरच्या गल्लीत फारसं काही बसत नाही आणि तेवढ्यात बसवायचं म्हणून थ्री बीएचके ८५० कार्पेटवर येतो. तिसरी बेडरूम म्हणजे पलंग आणि माणूस यांपैकी एक. पार्किंग यांत्रिक, एकावर एक. सकाळी पावणेनऊला खालचा शेजारी आंघोळीला गेलेला असला की वरची गाडी वरच. ज्यांना चारचाकी एकच आहे आणि ती रोज लागत नाही, त्यांनी माझ्या मते दुसरं काही न बघता कोथरूडच घ्यावं. आम्हाला दोन लागतात. पुनर्विकासात घेतच असाल तर सोसायटी आणि विकासक यांच्यातला विकसन करारनामा नोंदणीकृत आहे का, विक्रीच्या फ्लॅटवर सोसायटीचा काही अटकाव आहे का, आणि जुने सगळे सभासद बाहेर पडलेत का, हे बघावं. एकही सभासद जागा न सोडता बसला असेल तर ताब्याची तारीख नुसती लिहिलेली.

रात्री अकराला एक फेरी मारावी, हे कमी लोक करतात. लॉन्सवरचा डीजे, महामार्गावरचे ट्रक, लोहगावच्या बाजूला विमानं. कुठे सांडपाण्याचा वास संध्याकाळनंतरच येतो, कारण वारा पडतो. मोबाइलची रेंज लिफ्टच्या पॅसेजमध्ये नव्हे, आतल्या बेडरूममध्ये बघायची.

परिसर ठरल्यावर बावधन खुर्दच्या हद्दीत सात सोसायट्या निवडल्या, सगळ्या दहा ते पंधरा वर्षं जुन्या. पुनर्विक्रीच का, तर पाण्याचा इतिहास, गळती, शेजारी, देखभाल सगळं उघड असतं, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. सोसायटीकडून मागितलेले कागद : भोगवटा प्रमाणपत्र, आणि ते आपल्या विंगचं आहे का, अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, अग्निसुरक्षेचं ‘ब’ प्रमाणपत्र, जे दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, सांडपाणी प्रकल्प चालू आहे की नुसता आहे. सातपैकी तीन सोसायट्यांत जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर होती. त्या सोडल्याच पाहिजेत असं नाही, पण मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मूळ मालक दस्त करून देत नसताना सरकारी आदेशानं जमीन नावावर करून घेण्याचा अर्ज तरी गेलेला असावा. पुण्यात बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) नसतं, घोषणापत्र आणि अपार्टमेंटचा दस्त असतो. सहकारी सोसायटीत हस्तांतरण शुल्काला महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची मर्यादा आहे. ‘ऐच्छिक देणगी’ लाखात मागितली गेली की ती ऐच्छिकच आहे असं हसून म्हणावं.

भाव ठरवायला दलालापेक्षा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा दस्त शोध उपयोगी. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष घातलं की त्याच इमारतीतले मागचे व्यवहार सूची क्रमांक दोनमध्ये दिसतात : मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ. मागितलेल्या किमतीत आणि वर्षभरात त्याच इमारतीत झालेल्या व्यवहारात आम्हाला नऊ टक्क्यांचा फरक दिसला. ती छापील प्रत टेबलावर ठेवली आणि बोलणं सुरू केलं.

पैशांचं गणित लोक कर्जाच्या हप्त्यापासून सुरू करतात, ते स्वतःच्या खिशापासून करायला हवं. ७५ लाखांपेक्षा मोठ्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. समजा घर १ कोटी ४० लाखांचं. कर्ज १ कोटी ५ लाख, स्वतःचे ३५ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ९ लाख ८० हजार. नोंदणी फी ३०,०००. झाले ४५ लाख १० हजार, दलाली आणि रंगकाम सोडून. हेच घर बांधकाम चालू असलेलं असतं तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ७ लाख. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यातलं (रेडी रेकनरमधलं) मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ती नाही. मात्र बायकोच्या एकटीच्या नावावर घर आणि हप्ते नवरा भरतो, अशा वेळी त्याला मालकी नसल्यामुळे व्याजाची वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, तेव्हा सूट सरळ घ्यावी.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायचा, महिना संपल्यापासून तीस दिवसांत. दोन घेणारे आणि दोन विकणारे असतील तर चार वेगळे फॉर्म. हे शेवटच्या दिवशी कळतं आणि तारांबळ उडते. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर एक टक्क्याचा हा नियम लागत नाही, कापायची रक्कम पुष्कळ मोठी असते. बावधन-बाणेरमध्ये असे मालक बरेच आहेत, त्यामुळे इसार देण्याआधी विचारावं.

जुनं घर आधी विकायचं की नवं आधी घ्यायचं? आम्ही जुन्याचं नोंदणीकृत साठेखत आधी केलं आणि ताबा द्यायला चार महिन्यांची मुदत लिहून घेतली. त्यात नव्या घराचा शोध, कर्जमंजुरी, बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि रंगकाम बसलं, जेमतेम. राहतं घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं हवं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे, साध्या मुदत ठेवीत ठेवून चालत नाही.

ताबा घेण्याच्या दिवशी वीजमीटरचं रीडिंग, गॅसचं मीटर आणि पाण्याच्या टाकीची पातळी यांचे फोटो काढावेत. वीज, गॅस आणि मिळकतकर यांच्या नावबदलाचे अर्ज त्याच आठवड्यात द्यावेत. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण मालक बदलला की ती आपोआप पुढे येईल असं धरून चालू नये. पीटी-३ अर्ज, सोबत सोसायटीचं तुम्ही स्वतः राहत असल्याचं पत्र आणि ओळखपत्र, असं क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं. पोच मात्र जपून ठेवायची. पहिलं बिल पूर्ण रकमेचं आलं तर तीच दाखवावी लागते.